विदरिंगचे पुस्तक आणि हरवलेले रावी

२५ जुलै १७७६ या दिवशी इंग्लंडच्या मध्य भागातल्या एका घरी दोन डॉक्टर एका आजारी बाईच्या उशाशी भेटले. त्यातला वयाने मोठा इरॅस्मस डार्विन. लिचफिल्ड गावचा हा डॉक्टर त्या मुलखात नाव कमावून होता. उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडणारा चार्ल्स डार्विन हा याचा नातू, पण तो जन्माला यायला अजून तेहतीस वर्षे अवकाश होता. दुसरा विल्यम विदरिंग, वय पस्तीस, आदल्याच वर्षी डार्विनच्या सांगण्यावरून बर्मिंगहॅमला येऊन स्थिरावलेला. बाईचा आजार डार्विनला आवरत नव्हता. ४ जूनला तो तिला प्रथम पाहायला गेला आणि १५ जूनपासून पुढे चाळीस दिवस त्याने आपल्या पोतडीतले जवळजवळ सगळे देऊन पाहिले. गुण येईना. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायचे ठरले.

नऊ वर्षांनी, १७८५ साली, विदरिंगने एक पुस्तक छापले. फॉक्सग्लोव्ह नावाच्या वनस्पतीचे औषधी उपयोग हा त्याचा विषय. घंटेसारख्या जांभळ्या फुलांचे हे झाड युरोपात बांधाबांधावर उगवते. शास्त्रात त्याला डिजिटॅलिस म्हणतात. पुस्तकात विदरिंगने स्वतः पाहिलेल्या १६३ रुग्णांच्या हकिकती आहेत आणि त्यातली चौथी या बाईची आहे. तिचे नाव दिलेले नाही, 'श्रीमती एच' एवढेच. वैद्यकाच्या इतिहासात या पुस्तकाला फार मान आहे. हृदयविकाराच्या रुग्णांना आजही दिले जाणारे डिगॉक्सिन हे औषध याच झाडाच्या घराण्यातले.

वाङ्मयाच्या वार्षिकात एका डॉक्टरचे जुने पुस्तक कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की मी ते वैद्यक शिकण्यासाठी वाचलेले नाही. तेवढी माझी पात्रताही नाही. मी ते गद्य म्हणून वाचले. आपल्याला जे कळले ते कोणाकडून कळले, हे एखादा लेखक कसे सांगतो, कोठवर सांगतो आणि कोठे गप्प बसतो, याचा इतका उघडा नमुना दुसरा मला माहीत नाही. आणि कोणाकडून ऐकले हे विचारण्याची जी रीत आपल्या घरात शेकडो वर्षे आहे, तिने हे पुस्तक वाचले तर इंग्रज टीकाकारांच्या सहसा नजरेत न येणारे काही त्यात दिसते.

आधी ती चौथी नोंद पाहू. विदरिंग पोहोचला तेव्हा बाई जवळजवळ गुदमरत होती. वय चाळीस-पन्नासच्या दरम्यान. नाडी क्षीण आणि अनियमित, श्वास तोकडा, चेहरा ओढलेला, हात शिशाच्या रंगाचे, गार आणि चिकट. तिला आडवे पडता येत नव्हते. पोट, मांड्या, पाय सुजलेले. लघवी एका वेळी चमचाभर, तीही क्वचित. आणि तहान मात्र विलक्षण. या आजाराला आपण मराठीत जलोदर म्हणतो किंवा 'अंगावर पाणी चढले' असे म्हणतो. हकिमांच्या तिब्बमध्ये याला इस्तिस्का म्हणतात. पाऊस पडावा म्हणून जी नमाज पढली जाते तिचेही नाव इस्तिस्काच. मूळ अर्थ पाणी मागणे. अंगात पाणी साचलेले आणि तोंडाने पाणीच मागणे चाललेले, अशा माणसाला ज्याने हा शब्द लावला त्याने रुग्णाजवळ बसून पाहिले असले पाहिजे.

उलटी व्हावी म्हणून डार्विनने इपेकाकचे चूर्ण पंधरा ग्रेनपासून चाळीस ग्रेनपर्यंत वाढवत नेले होते. शेवटी शेवटी त्यानेही उलटी होईना. पायांना चिरा देऊन पाणी काढावे अशी सूचना निघाली होती, पण ती मान्य झाली नाही, असे विदरिंग लिहितो. कोणी मान्य केली नाही? वाक्यात कर्ता नाही. तसा तो आणखीही एका ठिकाणी नाही. 'मला डॉ. डार्विनना बाईंच्या घरी भेटण्यास सांगण्यात आले' अशा अर्थाचे वाक्य तो लिहितो. सांगावा डार्विनने धाडला की घरच्यांनी, हे कळत नाही. अडलेल्या डॉक्टराने सल्ला मागितला असे सरळ लिहिणे त्या काळच्या शिष्टाचारात बसत नसावे. चिरा द्यायला नकार मात्र त्या बाईनेच दिला असावा असे मला वाटते. तसे असेल तर साऱ्या नोंदीत तिची स्वतःची मर्जी दिसते ती या एका कर्ता गाळलेल्या वाक्यात.

यानंतरचा परिच्छेद पुस्तकातला सर्वांत मोलाचा. विदरिंग सांगतो की आपल्याला आता डिजिटॅलिसखेरीज दुसरा उपाय दिसत नव्हता, पण तो सुचवायला आपण कचरलो. का कचरलो याची कारणे तो देतो. एक, बाईची अवस्था अशी होती की कशानेच काही होईल अशी आशा नव्हती. दोन, ती दगावली तर ज्या औषधापासून मानवजातीचे मोठे कल्याण व्हायचे आहे त्या औषधालाच बट्टा लागला असता. तीन, रीतसर वैद्यकी करणाऱ्या दुसऱ्या कोणाच्याही अनुभवाचा ज्याला आधार नाही असे औषध दिल्याबद्दल आपल्यावर ठपका आला असता. मग तो म्हणतो की या मोलाच्या बाईचा जीव वाचवण्याच्या इच्छेपुढे हे विचार मागे पडले.

मरणाच्या दारात असलेली बाई समोर आहे आणि डॉक्टर आपल्या औषधाच्या अब्रूचा हिशेब करतो आहे. हे तो लपवत नाही. आधी हिशेब आला, मग दया आली, हा क्रम त्याने तसाच ठेवला आहे. नऊ वर्षांनी लिहिताना तो क्रम उलटा करणे, किंवा मधली दोन कारणे गाळून टाकणे किती सोपे होते! आत्मचरित्रे लिहिणारे भले भले लोक हे करतात. विदरिंगने केले नाही, म्हणून मी त्याला चांगला गद्यलेखक मानतो.

पुढे काय झाले ते थोडक्यात. त्याने डिजिटॅलिसचे नाव घेतले आणि इतर उत्तम उपाय फसले असता याने काही वेळा गुण आल्याचे आपण पाहिले आहे असे सांगितले. डार्विनने सौजन्याने लगेच होकार दिला. त्याने हे औषध दिलेले कधी पाहिले नव्हते, म्हणून तयारी आणि मात्रा विदरिंगवर सोपवली. ताज्या पानांचा काढा झाला. पाच घोट पोटात गेल्यावर बाईला सपाटून मळमळ-उलट्या झाल्या आणि पहिल्या चोवीस तासांत आठ क्वार्टांहून अधिक, म्हणजे आपल्या मापाने साडेसात लिटरांच्या वर, लघवी झाली. श्वास मोकळा झाला, नाडी भरून आली, पायांची सूज उतरू लागली. बाई वाचली.

आता याच घटनेची दुसरी हकिकत. इरॅस्मस डार्विनचा थोरला मुलगा, त्याचेही नाव चार्ल्सच, एडिंबरोला वैद्यकी शिकत असताना १७७८ मध्ये वयाच्या एकोणिसाव्या वर्षी वारला. बापाने १७८० साली त्याचा प्रबंध छापला आणि त्याला जोडून फॉक्सग्लोव्हने जलोदर हटल्याच्या काही हकिकती स्वतः घातल्या. १७८५ च्या मार्चमध्ये त्याचा याच विषयावरचा निबंध लंडनच्या वैद्यांच्या विद्यालयापुढे वाचला गेला. चाळीस ते पन्नासच्या दरम्यानची ही बाई डार्विनच्या लिखाणातही आहे. तिची सूज आहे, काढा आहे, उतार आहे. हे औषध त्या दिवशी कोणी सुचवले, मात्रा कोणी ठरवली, याबद्दल अवाक्षर नाही. सल्ला विचारणारा उरला, सल्ला देणारा पुसला गेला.

हदीसच्या इल्ममध्ये याला शब्द आहे. रावीने ज्याच्याकडून ऐकले त्याचे नाव मधून काढून टाकायचे आणि ऐकणाऱ्याला वाटावे की हे थेट वरून आले, याला तदलीस म्हणतात. असे करणारा मुदल्लिस. तुलना तंतोतंत बसत नाही हे मला मान्य आहे. हदीस ही दीनची बाब, ही दोन डॉक्टरांमधली व्यवसायाची चुरस. शिवाय मुदल्लिस खोटेच बोलतो असे मुहद्दिसांनी म्हटलेले नाही. पुष्कळदा तो जे सांगतो ते खरेच असते. डार्विननेही खोटे असे काही लिहिले नाही. बाई आजारी होती, काढ्याने बरी झाली, हे सारे खरे. मुहद्दिसांना एवढे पुरत नव्हते. मतन बरोबर असले तरी सनद तपासायचीच, हा त्यांचा हट्ट होता. त्या हट्टापायी हजारो माणसांची चरित्रे लिहिली गेली: कोण कोठे जन्मला, कोणाला भेटला, म्हातारपणी कोणाची याददाश्त गेली. ती चरित्रे चाळताना मला नेहमी वाटते की दुनियेतला एवढा मोठा समीक्षेचा उद्योग वाङ्मयाने आपल्या कामासाठी कधी उचललाच नाही.

विदरिंगला डार्विनचे वागणे लागले असणार. त्या दोघांचे पुढे बिनसले आणि १७८८ च्या सुमारास डार्विनचा दुसरा मुलगा रॉबर्ट आणि विदरिंग यांच्यातही एका रुग्णाच्या उपचारावरून कडवट वाद झाला. चौथी नोंद एवढ्या बारकाव्याने, तारखा आणि मात्रांसह लिहिण्यामागे आपला हक्क सांगण्याचा हेतू नसेलच असे नाही. विज्ञानाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या भांडणात बहुतेक विदरिंगची बाजू घेतली आहे आणि ते योग्यच आहे. पण सनद तपासायची म्हटली की ती विदरिंगपाशी थांबवता येत नाही. त्याने कोणाकडून घेतले?

हे त्याने स्वतःच प्रस्तावनेत सांगितले आहे. १७७५ साली जलोदरावरच्या एका घरगुती औषधाबद्दल त्याचे मत विचारण्यात आले. (इथेही विचारणारा गुलदस्तात.) श्रॉपशायरमधल्या एका म्हातारीने ते औषध पुष्कळ वर्षे गुप्त ठेवले होते आणि रीतसर वैद्यकी करणाऱ्यांचे हात टेकले असता तिने काही वेळा रुग्ण बरे केले होते. औषधात वीस किंवा जास्त वनस्पती होत्या. या विषयातल्या जाणकाराला त्यातली गुणकारी वनस्पती फॉक्सग्लोव्हच असणार हे ओळखणे फारसे अवघड नव्हते, असे तो किंचित ऐटीत सांगतो. ऐट समजण्यासारखी आहे. तो निष्णात वनस्पतिशास्त्रज्ञ होता, त्याने लिहिलेला ब्रिटनमधल्या वनस्पतींचा ग्रंथ १७७६ मध्येच निघाला.

'रीतसर वैद्यकी करणारे' हा शब्दप्रयोग आपल्याला आता दोनदा भेटला. प्रस्तावनेत तो म्हातारीच्या बाजूने येतो: रीतसर लोक फसले, ही यशस्वी झाली. चौथ्या नोंदीत तोच शब्द तिला खोडून टाकतो: दुसऱ्या कोणाही रीतसर वैद्याच्या अनुभवाचा आधार नाही म्हणून ठपक्याची भीती. आधार होता. एका बाईचा अनेक वर्षांचा अनुभव होता, आणि त्याच अनुभवावरून हे औषध त्याच्या हाती आले होते. पण श्रीमती एचच्या खोलीत, डार्विनसमोर, त्या अनुभवाला साक्ष म्हणून उभे करणे शक्य नव्हते. एका अडाणी म्हातारीचे नाव घेऊन प्रतिष्ठित घरात काढा पाजणार कोण?

आणखी एक जागा मला खटकते. म्हातारीच्या औषधाने जोराच्या उलट्या-जुलाब होत, असे आपल्याला सांगण्यात आल्याचे विदरिंग लिहितो, आणि लघवी वाढण्याच्या गुणाकडे दुर्लक्ष झालेले दिसते अशी पुस्ती जोडतो. कोणाचे दुर्लक्ष? सूज उतरते म्हणजे पाणी कोठून तरी जाते, हे रुग्णाचे भांडे उचलणाऱ्या बाईला कळले नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. तिने जे पाहिले ते मधल्या माणसांनी विदरिंगला सांगितले नाही एवढेच त्यावरून सिद्ध होते. तो तिला प्रत्यक्ष भेटल्याचे, तिला काही विचारल्याचे पुस्तकात कोठेही लिहिलेले नाही. एका डॉक्टराने दुसऱ्याचा सल्ला घेतला त्याची तारीख आपल्याला ठाऊक आहे. या बाईचा सल्ला घेण्याची कल्पनाही कोणाला सुचलेली दिसत नाही.

ज्याचे नाव सांगितलेले नाही अशा रावीला मुहद्दिस मुबहम म्हणतात, आणि सनदमध्ये मुबहम असला की ती कमजोर धरतात, कारण त्या माणसाची पारख करायला जागा उरत नाही. बाई आहे म्हणून नाव गाळायचे, हा मात्र तिथला रिवाज नव्हे. हजरत आयेशांपासून पुढे शेकडो बायकांची नावे सनदींमध्ये आहेत. इमाम जहबींनी तर नोंदवून ठेवले आहे की रावी बायकांपैकी एकीवरही खोटेपणाचा आरोप झालेला आपल्याला माहीत नाही.

आपल्या हकिमांच्या बोलण्यात एक जोडी आहे: इल्म-ए-सीना आणि इल्म-ए-सफीना. एक छातीतून छातीत जाणारे, दुसरे कागदावर उतरलेले. म्हातारीचे ज्ञान सीन्याचे होते. विदरिंगने ते सफीन्यात आणले. यात त्याचा मोठेपणा आहेच. वीसातली एक वनस्पती वेगळी काढणे, पाने केव्हा तोडावीत, कशी वाळवावीत, मात्रा केवढी, कोणती लक्षणे दिसली की ताबडतोब थांबावे, हे सारे त्याने दहा वर्षे खपून ठरवले. फॉक्सग्लोव्ह हे विष आहे. थांबायचे केव्हा हे कळल्याशिवाय त्याचे औषध होत नाही. थोडे जास्त झाले की नाडी मंदावते, दृष्टीसमोर पिवळे-हिरवे दिसू लागते, माणूस जातो.

मग थांबायचे केव्हा हे त्याला कोणी शिकवले? इथे मला ज्या पानाकडे यायचे होते तिथे आपण येतो.

पुस्तकाच्या आरंभी विदरिंगने एक अभिमानाची गोष्ट सांगितली आहे. यशस्वी झालेल्या निवडक हकिकती देणे सोपे होते, त्याने आपले नावही झाले असते. पण सत्य आणि शास्त्र यांना ते मंजूर नाही, म्हणून आपण हे औषध दिलेला प्रत्येक रुग्ण, योग्य असो की अयोग्य, बरा झालेला असो की नसो, इथे नोंदवला आहे. पुस्तकाच्या थोरवीचे वर्णन करताना सगळे याच वाक्याचा दाखला देतात. आणि ते वाक्य बव्हंशी खरेही आहे. पुढे पानामागून पान असे रुग्ण येतात की ज्यांना काही उपयोग झाला नाही, जे महिन्याभरात वारले, ज्यांना त्यानेच मात्रा जास्त दिली.

पण नोंदींना सुरुवात होते त्या ठिकाणी, १७७५ या वर्षाखाली, चार-पाच ओळी आहेत. त्यांचा आशय असा: या वर्षी मी जलोदरावर डिजिटॅलिस देऊ लागलो, ते रुग्ण माझ्या घरी फुकट सल्ल्यासाठी येणारे लोक होते, त्यातले अमुक रुग्ण, अमुक परिणाम असे आता आठवत नाही आणि टिपणे करायला सवड नव्हती, एकंदरीत औषध उपयोगी पडले असे समजावे, नाहीतर मी ते देत राहिलो नसतो.

फुकट सल्ल्यासाठी येणाऱ्या गरिबांची संख्या तो प्रस्तावनेत देतो: वर्षाला दोन ते तीन हजार. यातल्या किती जणांना फॉक्सग्लोव्ह दिले ते कळायला मार्ग नाही. तिथेच तो कबूल करतो की सुरुवातीला आणि त्यानंतरही बराच काळ आपण फार मोठ्या मात्रा देत होतो आणि फार दिवस देत होतो. दोन्ही वाक्ये दोन ठिकाणी आहेत. ती शेजारी ठेवली की अर्थ वेगळाच होतो. फार मोठी मात्रा कोणाच्या पोटात गेली? ज्यांची टिपणे करायला सवड नव्हती त्यांच्या. प्रत्येक रुग्ण नोंदवला आहे, या वाक्यातला 'प्रत्येक' तिथे फाटतो.

श्रीमती एचच्या खोलीत विदरिंग कचरला, त्याने तीन कारणे मोजली. त्याआधी त्याच्या पुस्तकात फक्त तीन रुग्णांच्या नोंदी आहेत. याने काही वेळा गुण आल्याचे पाहिले आहे, असे तो डार्विनला ज्या बळावर सांगतो ते बळ त्या तिघांपुरते नसावे. मागे ते बिननोंदीचे लोकही असणार. त्यांना पहिला घोट देताना त्याला अशी काही भीती वाटली का? वाटली असेल तर ती लिहिलेली नाही. आणि श्रीमती एचसाठी वापरलेले 'मोलाची बाई' हे शब्द, जे पहिल्या वाचनात इतके कनवाळू वाटतात, ते दुसऱ्या वाचनात टोचतात.

इथे विदरिंगवर खटला भरण्याचा माझा इरादा नाही. पैसे न घेता रोज गरिबांना तपासणारा हा माणूस होता. पुढच्या नोंदींत गरीब माणसे येतातही. पहिलीच नोंद एका पन्नाशीच्या माणसाची आहे, पूर्वी बांधकामाचा धंदा करणारा आणि आता परिस्थितीने खालावलेला. दोन-तीन हजार माणसांची टिपणे ठेवणे एकट्याला झेपणारे नव्हते हेही खरे. आणि मुख्य म्हणजे त्या चार-पाच ओळी त्याने लिहिल्या. त्या गाळल्या असत्या तर आज कोणाला पत्ता लागला नसता. डार्विनने जे केले ते विदरिंगने केले नाही. त्याने साखळी तुटलेली आहे हे तुटलेल्या जागीच बोट ठेवून दाखवले. सनद मधेच तुटली तर मुहद्दिस तिला मुन्कते म्हणतात, पण तुटल्याचे सांगणाऱ्याला ते खोटा म्हणत नाहीत. तक्रार असलीच तर ती वाचणाऱ्यांबद्दल आहे. ते प्रामाणिकपणाचे वाक्य उद्धृत करतात आणि त्याच माणसाने लिहिलेली १७७५ ची कबुली ओलांडून पुढे जातात.

या बाबतीत आपल्या परंपरेतले एक उदाहरण मला फार आवडते. अबू बक्र राझी हे दहाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हयात असलेले थोर हकीम. त्यांच्या मृत्यूनंतर शागिर्दांनी त्यांच्या टिपणांतून 'अल-हावी' हा अवाढव्य ग्रंथ उभा केला. राझी त्यात ग्रीक, सुरियानी, अरबी अशा पूर्वीच्या वैद्यांची मते त्यांच्या नावांनिशी उतरवतात, आणि जिथे स्वतःचे म्हणणे सुरू होते तिथे 'ली' एवढाच शब्द टाकतात. ली म्हणजे माझे. दोन अक्षरी अरबी खूण. वाचणाऱ्याला कळते की इथपर्यंत दुसऱ्याचे, इथून माझे. राझींच्या ग्रंथातही रुग्णांची नावे पुष्कळदा नाहीत, आणि घरोघरच्या बायकांकडून त्यांनी काय उचलले याचा पुरता हिशेब असेल असे मी म्हणत नाही. पण स्वतःचे कोठे सुरू होते ते सांगण्याची लाज त्यांना वाटली नाही. आपल्या मराठी लेखकांच्या किती पानांवर अशी खूण करता येईल?

श्रॉपशायरच्या म्हातारीची गोष्ट इथे संपत नाही. तिला नाव मिळाले. इंग्रजी पुस्तकांत, लेखांत ती 'मदर हटन' म्हणून वावरू लागली. तिची चित्रेही निघाली, डोक्याला रुमाल, हातात फॉक्सग्लोव्हची जुडी, समोर अदबीने उभा विदरिंग. पुढे हृदयरोगाच्या एका अभ्यासकाने या नावाचा माग काढला तेव्हा तो १९२८ सालच्या एका औषध कंपनीच्या जाहिरातीपाशी जाऊन थांबला. त्याआधी ते नाव कोठेही नाही. दीडशे वर्षे मुबहम असलेल्या रावीला कोणीतरी घरबसल्या नाव बहाल केले आणि डॉक्टर मंडळींनी ते सद्भावनेने पुढे चालवले. मुहद्दिसांच्या भाषेत हे मौजू, म्हणजे रचलेले. नेक हेतूने रचलेल्या रिवायतींनाही ते मौजूच म्हणत, त्यात सूट नव्हती. ज्या चित्रात विदरिंग तिच्यापुढे अदबीने उभा आहे, ती भेट पुस्तकात तर कोठेच नाही.

हे वाचताना मला आपल्याकडची एक सवय आठवत राहिली. मुस्लिम मराठी लेखनात गेल्या काही दशकांत घरातल्या बायकांचे बोलणे, त्यांची गाणी, त्यांचे उपाय मोठ्या प्रमाणात आले. ते यायलाच हवे होते. त्यानेच या लेखनाला स्वतःचा आवाज मिळाला. पण आपल्या कथांतल्या आणि आत्मकथनांतल्या नान्या, दाद्या, खाला यांच्याकडे पाहिले तर त्या बहुतेक नात्याच्या नावाने येतात, एखादी म्हण किंवा एखादा काढा देतात आणि निघून जातात. काही ठिकाणी तर लेखकाने त्यांना आपल्या सोयीचे शहाणपण बोलायला लावले आहे, म्हणजे मदर हटनचाच प्रकार. जात्यावरच्या ओव्यांवर आणि लग्नातल्या गाण्यांवर लेख निघतात, त्यात गाणारीचा उल्लेख 'एका वृद्धेकडून' असा असतो.

हे मी दुसऱ्यांबद्दल लिहिले असे नको व्हायला. दहा-बारा वर्षांपूर्वी हळदीच्या रात्री गायल्या जाणाऱ्या गाण्यांवर मीही एक लेख लिहिला होता. त्याचे कौतुक झाले. सात गाणी त्यात होती आणि सातही एकाच बाईने तीन दुपारी बसून मला म्हणून दाखवली होती. लेखात मी लिहिले, 'आमच्या गल्लीतील एक वृद्ध मुस्लिम महिला'. गल्लीतले सगळे तिला खाला म्हणत, मीही म्हणत असे. ती आता नाही. विदरिंगचे पुस्तक वाचून झाल्यावर तिच्या नातवाला फोन केला. त्याने रेशनकार्डावरचे नाव सांगितले, आणि थोड्या वेळाने पुन्हा फोन करून म्हणाला की अब्बा म्हणतात, माहेरी तिला दुसऱ्याच नावाने हाक मारायचे, कार्डावरचे नाव लावणाऱ्याने आपल्या मनाने लिहिले. दोन्ही नावे मी त्या लेखाच्या कात्रणावर लिहून ठेवली आहेत. गाणी तिला कोणी शिकवली हे मात्र नातवाला ठाऊक नव्हते, त्याच्या अब्बांनाही नाही, आणि तीन दुपारी समोर बसून मी ते विचारले नव्हते.